बगळ्याची मोडलेली चोच: नाजूक कोरीवकाम सुपर ग्लूने सांधण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हा बगळा २२ सेंटिमीटर उंच आहे. बासवुडच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला, एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाशी घेतलेला. कोरणाऱ्या बाईंना इथे नुसतं ताई म्हणतो. त्या सहा-सात वर्षं हौसेने कोरीवकाम करतात. हात स्वच्छ आहे आणि सुरीला धार लावणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं. त्यामुळे पुढे जे घडलं ते नवशिकेपणामुळे घडलं, असं म्हणून सुटता येत नाही.

बासवुड कोरायला फार सोयीचं लाकूड. मऊ, बारीक पोताचं, रेषा जवळजवळ न दिसणारं. पण रेषा दिसत नाहीत म्हणून तंतू नसतात असं नाही. ताईंनी ठोकळा घेतला तेव्हा तंतू उभे होते, पायापासून डोक्याकडे जाणारे. तो जाड काडीएवढा एकटा पाय अख्खं वजन पेलतो, तो त्यामुळेच. काडेपेटीतली काडी लांबीला सहज मोडत नाही, तसंच हे. पण चोच आडवी. लांबी ४८ मिलिमीटर, बुडाशी जाडी ७, टोकाला दोनाहून कमी. म्हणजे चोचीतला कुठलाही तंतू जास्तीत जास्त ७ मिलिमीटरचा. शेजारी शेजारी उभ्या केलेल्या आखूड तुकड्यांची ती रांग होती, आणि त्या तुकड्यांना एकमेकांना धरून ठेवणारं फारसं काही नव्हतं. मानेच्या बाकातही तेच, जरा कमी प्रमाणात. डोक्यामागे निघालेली शेंडी तर दीड मिलिमीटरची.

चित्र काढताना हे लक्षात आलं असतं. आलं नाही. ठोकळ्यावर बगळा सुंदर बसला होता, तेवढं पाहून काम सुरू झालं.

अडचण

महिनाभराच्या संध्याकाळी घातल्यावर शेवटचा हात फिरवताना चोचीच्या खालच्या कडेवर सुरी जरा जास्त टेकली आणि चोच बुडाशी टक्कन तुटली. आठ दिवसांनी बगळा एका छोट्या प्रदर्शनात ठेवायचा होता.

तुटल्यावर ताईंनी पहिल्यांदा पूर्ण बगळा भिंगाखाली पाहिला, तेव्हा आणखी दोन गोष्टी दिसल्या. मानेच्या बाकाच्या आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती, बोटाने दाबली की किंचित उघडणारी. शेंडीच्या कडांना लव सुटत होती. तिथलं लाकूड कापलं जाण्याऐवजी चुरा होत होतं.

पहिला अर्धा तास

पुढचं सगळं प्रकरण या अर्ध्या तासाने अवघड करून ठेवलं. ड्रॉवरमध्ये जेल प्रकारच्या सुपर ग्लूची ट्यूब होती. ताईंनी दोन्ही तोंडांना ग्लू लावला, चोच टेकवली आणि लवकर सुकावं म्हणून फुंकर घातली. बाहेर आलेला ग्लू कानकोरण्याच्या कापसाने पुसायला गेल्या, तर कापूस तापला, त्यातून धूर आला, डोळे चुरचुरले. त्या दचकल्या आणि चोच हलली. ती तिथेच धरली.

फोनवर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “सर, चोच चिकटली, पण बगळा आता डावीकडे बघतोय.”

मी म्हटलं, “ताई, आता त्याला हात लावू नका. सोलून काढायला जाऊ नका. उद्या घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी सांध्याभोवती पांढुरकी बुरशीसारखी साय धरली होती.

यातली एकही गोष्ट विचित्र नाही. सुपर ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो पाणी उडून जाऊन सुकत नाही. उलट ओलाव्याचा अंश मिळाला की त्याचे सुटे रेणू साखळी धरतात. पृष्ठभागावरचा नकळत असणारा दमटपणासुद्धा त्याला पुरतो. फुंकरीतला दमटपणा म्हणजे आयतं आमंत्रण. कापसाशी त्याची प्रतिक्रिया इतक्या झपाट्याने होते की बोट भाजावं एवढी उष्णता सुटते. लोकरीचंही तसंच, म्हणून या कामात सुती हातमोजेसुद्धा नकोत. पांढरी साय म्हणजे न घट्ट झालेल्या ग्लूची वाफ, आसपासच्या पृष्ठभागावर बसून घट्ट झालेली. ग्लू जास्त आणि हवा कोंडलेली असली की ती हमखास येते.

हा पदार्थ १९४२ मध्ये हॅरी कूवर यांच्या हाती आला तेव्हा ते बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. जिथे तिथे चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. १९५१ मध्ये कूवर आणि फ्रेड जॉयनर पुन्हा त्याच्याकडे वळले आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. ज्या खोडीमुळे तो आधी टाकून दिला, तीच नंतर विकली गेली. कोरीवकामात मात्र ती खोडी खोडीच राहते. ग्लू तुम्हाला विचार करायला दहा सेकंद देतो, त्यामुळे विचार झाकण उघडायच्या आधीच झालेला असावा लागतो.

पर्याय

टेबलावर बगळा ठेवून आम्ही तासभर नुसतं बोललो.

पहिला पर्याय होता जसं आहे तसं घासून रंगवायचं. ताईंनी तो मीच मांडायच्या आत खोडला. वाकडी चोच रंगाने सरळ होत नाही.

दुसरा, आणि मला सगळ्यात योग्य वाटलेला: मोडकी चोच विसरायची, डोक्यात खाच घ्यायची आणि तंतू चोचीच्या लांबीने जातील अशी नवी चोच कोरून बसवायची. अशी चोच काडीसारखी चिवट होते. आठ दिवसांत ते होण्यासारखं होतं. ताई ऐकून घेत होत्या, पण नजर जुन्या चोचीवर. तिच्यावर नाकपुडीची बारीक फट आणि दोन जबड्यांमधली रेघ त्यांना एकदाच इतकी साधली होती. “ती पुन्हा तशी येणार नाही सर,” म्हणाल्या. तांत्रिकदृष्ट्या माझंच बरोबर होतं असं मला आजही वाटतं. पण वस्तू त्यांची होती, आणि कोरणाऱ्याला कुठली रेघ परत येणार नाही हे बघणाऱ्यापेक्षा जास्त कळतं.

उरला तिसरा: सांधा सोडवायचा आणि चोच परत नीट बसवायची. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, कारण ती पुष्कळांची फसगत करते. आडव्या, आखूड तंतूंची चोच तुटते ती तंतूंना समांतर. म्हणजे तुटलेली दोन्ही तोंडं तंतूंच्या कुशीची, म्हणजे बाजूची असतात, टोकांची नसतात, आणि कुशीला कूस कुठल्याही ग्लूने छान चिकटते. सांधा लाकडाइतकाच भक्कम होतो. मग पुढच्या वेळी चोच सांध्यावर तुटत नाही, दोन मिलिमीटर पलीकडे तुटते. तिथलं लाकूड पहिल्यापासून जेवढं कच्चं होतं, तेवढंच राहिलेलं असतं. म्हणून नुसतं चिकटवून भागणार नव्हतं. अख्खी चोच बळकट करायला हवी होती.

कशाने चिकटवायचं? लाकडाचा पांढरा ग्लू उत्तम, पण त्याला दाबून धरावं लागतं, आणि निमुळत्या चोचीला क्लॅम्प लावला की ती निसटते. शिवाय जुन्या ग्लूचे अंश राहिलेल्या तोंडांवर तो नीट मुरत नाही. इपॉक्सी फट भरून काढतो, दमाने सुकतो, सरळ करायला वेळ देतो; पण तो दाट असतो, लाकडात शिरत नाही, म्हणजे बळकटीचा प्रश्न तसाच. पाण्यासारखा पातळ सुपर ग्लू एकटाच असा होता की जो केशाकर्षणाने तंतूंमध्ये ओढला जातो आणि आतच घट्ट होतो.

त्याचे तोटेही ताईंसमोर ठेवले. तो ठिसूळ असतो, दाब सोसतो पण आपटणं सोसत नाही. तो मुरलेल्या जागी लाकूड तेल किंवा डाय पीत नाही. शिवाय तिथे सुरी चालत नाही, चालवली तर धार जाते. आणि एकदा लाकडात मुरला की पूर्ण बाहेर निघत नाही. वस्तू जुनी, वारशाची किंवा संग्रहातली असती तर मी बाटलीला हातही लावू दिला नसता. अशा कामात संवर्धन करणारे पॅरालॉइड बी-७२ सारखं अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा विरघळणारं अ‍ॅक्रिलिक रेझिन वापरतात, म्हणजे उद्या कुणाला दुरुस्ती उलटवायची झाली तर वाट उघडी राहते. हा बगळा नवा होता आणि कोरणारी समोर बसली होती. एवढ्यावर आम्ही पातळ सुपर ग्लू पक्का केला.

केलेलं काम: चोच

बगळा आडवा बांधला, चोच खाली लोंबेल असा. विरघळलेला ग्लू चेहऱ्याकडे न जाता टोकाकडे ओघळावा हा हेतू. सांध्याभोवती अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेली कागदी रुमालाची पट्टी आणि वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल. खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नाही. अ‍ॅसिटोन पाण्याइतकं लाकूड फुगवत नाही हे बरं, पण घट्ट झालेल्या ग्लूवर त्याचं काम सावकाश चालतं. पट्टी तीनदा बदलली. अडीच तासांनी हलकासा पीळ दिल्यावर चोच सुटली. तोंडांवरचा चिकट थर सुरीच्या पात्याने खरवडताना थोडे तंतूही गेले. आता चोच जागेवर धरली की एका बाजूला प्रकाशाची फट दिसायची.

मग पितळी तार. ०.८ मिलिमीटरची, १० मिलिमीटर लांब, निम्मी डोक्यात, निम्मी चोचीत. ताईंचा हात लगेच बारीक ड्रिलकडे गेला. मी थांबवलं. तशा कच्च्या चोचीत भोक पाडायला गेलो असतो तर ती उभी चिरली असती. आधी पातळ ग्लू बाहेरून दोनदा पाजला, मध्ये दहा मिनिटं जाऊ दिली, आणि चोच पेन्सिलीच्या लाकडासारखी कडक झाल्यावरच हाताने फिरवायच्या ड्रिलने १ मिलिमीटरचं भोक घेतलं. समोरच्या भोकाची जागा टोचणीने उमटवून घेतली.

ग्लू आधी लावून मग चोच बसवणं, हा क्रम आम्ही उलटा केला. तार डोक्यात मध्यम दाटीच्या ग्लूने पक्की केली आणि वाळू दिली. मग चोच कोरडीच तारेवर सरकवली. समोरून पाहिली, वरून पाहिली, आरशातही पाहिली, कारण डोळा सवयीला फसतो आणि आरशात वाकडेपणा पटकन दिसतो. ताईंनी पाच-सहा वेळा काढून पुन्हा बसवली. कुणी घाई करत नव्हतं, कारण घाई करणारी गोष्ट अजून बाटलीत होती. पूर्ण समाधान झाल्यावर फटीत बासवुडचा मैद्यासारखा बारीक भुसा दाबला आणि सांध्यावर पातळ ग्लूचा एक थेंब सोडला. थेंब आत ओढला गेला, भुसा क्षणात दगडासारखा झाला.

थेंब सोडायला आम्ही शिवणाची सुई वापरली. नेढ्याचा वरचा भाग कापून टाकला की दोन काट्यांचा इवलासा चिमटा उरतो. त्यात अगदी लहान थेंब अडकून राहतो आणि जिथे टेकवाल तिथेच सुटतो. ग्लू साचला की सुई चिमट्यात धरून मोकळ्या हवेत ज्योतीवर जाळायची, धूर मात्र घ्यायचा नाही.

भुशाचा तो भराव लाकडापेक्षा गडद दिसतो. इथे फिकीर नव्हती, चोच अपारदर्शक पिवळ्या अ‍ॅक्रिलिकने रंगवायची हे आधीच ठरलं होतं.

केलेलं काम: मान आणि शेंडी

मान मात्र लाकडाच्या मूळ रंगात, नुसतं तेल देऊन ठेवायची होती. तिथे ग्लू पसरला असता तर डाग पडला असता. तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांची एक रीत इथे कामी आली: चिरेच्या दोन्ही काठांना ब्रशने लाखेचं पातळ पॉलिश लावायचं आणि वाळू द्यायचं. काठांची रंध्रं बुजतात. चीर बोटाने जराशी उघडून सुईने तीन बारीक थेंब दिले आणि मिटवून पॉलिथिनच्या तुकड्याने दाबून धरली. पॉलिथिनला सुपर ग्लू चिकटत नाही. वाळल्यावर लाखेचं पॉलिश स्पिरिटने पुसलं. केसाएवढी रेघ उरली, तीही माहीत असेल त्यालाच दिसावी अशी.

एवढं जमल्यावर आम्ही दोघंही सैल झालो. शेंडी हे शेवटचं आणि सोपं काम. ताईंनी सुई बाजूला ठेवून बाटलीच्या नळीनेच ग्लू सोडला, काठांना लाख न लावता. शेंडीने पोटभर प्यायला, उरलेला थेंब पिसांच्या कोरलेल्या खोबणीतून घरंगळत मानेवर आला. पन्हळीतून पाणी यावं तसा. ताईंनी सवयीने कागदाने पुसला, त्यामुळे तो पसरला. १२ मिलिमीटरचा ओलसर दिसणारा डाग. वाईट गोष्ट ही, की मी समोर बसलो होतो आणि पाहत होतो.

इथे पुन्हा निर्णय. अ‍ॅसिटोन लावला असता तर डाग पातळ होऊन दुप्पट जागेत गेला असता. अख्ख्या मानेला ग्लू पाजून रंग एकसारखा करता आला असता, पण मग लाकूड लाकूड दिसलं नसतं. आम्ही काहीच केलं नाही. पूर्ण वाळल्यावर वरचा थर खरवडला, ४०० नंबरचा पॉलिशपेपर फिरवला आणि तेल दिलं. तेलाने भोवतालचं लाकूडही गडद झालं, त्यामुळे रंगातला फरक बराच लपला. चमक वेगळी राहिली, ती बारीक स्टील वूलने मंद केली. तिरप्या उजेडात डाग दिसतो.

शेंडीच्या कडा मात्र छान आल्या. जिथे लव सुटत होती तिथे आता पॉलिशपेपरने पिसाची धार काढता येत होती. या घासण्याची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावला होता. ग्लू सोडताना चष्माही होता, पहिल्या दिवशी नव्हता.

परिणाम

प्रदर्शनात बगळा वेळेवर गेला आणि समोर बघत गेला.

चार महिन्यांनी फडताळ पुसताना तो कुशीवर पडला. चोच शाबूत राहिली, तार आणि मुरलेला ग्लू दोघांनी मिळून तिला सांभाळलं. मानेची चीर उघडली नाही. शेंडीचं टोक काचेसारखं उडालं. बळकट केलेला भागच गेला याचं ताईंना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही. ग्लूने शेंडी सुरीसमोर आणि पॉलिशपेपरसमोर भक्कम केली होती. आपटण्यासमोर ती पहिल्यापेक्षा कडक, म्हणजे पहिल्यापेक्षा कमी लवचिक झाली होती. आत तार घालण्याइतकी जाडी तिला नव्हतीच.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक ठोकळ्यावर पेन्सिल टेकवताना झाली. चोच वेगळ्या तुकड्याची घेऊन, तंतू लांबीने ठेवून, काम संपताना बसवली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. एकाच ठोकळ्यातून कोरल्याचा अभिमान रास्त आहे, पण तो कुठल्या भागाच्या जिवावर बेततोय हे आधी पाहायला हवं.

एकाच ठोकळ्यातून करायचंच असेल, तर पातळ ग्लू मोडल्यावर नाही, मोडायच्या आधी द्यावा. कधी, हे महत्त्वाचं. फार लवकर दिला तर मुरलेला थर पुढच्या कापणीत निघून जातो, कारण कुशीकडून तो वरच्या थरातच राहतो, टोकाकडूनच काय तो खोल जातो. फार उशिरा दिला तर बारीक रेघा ग्लूने बुजतात. आकार जवळजवळ पुरा झालेला आणि बारीक तपशील बाकी, ही त्याची वेळ. त्यानंतर सुरीपेक्षा कानस आणि पॉलिशपेपरवर भिस्त ठेवायची.

तुटल्यावरचा अर्धा तास वस्तूला हात न लावता काढता आला असता तर अ‍ॅसिटोन लागला नसता, तंतू गेले नसते, फट पडली नसती. ताजी तुटलेली तोंडं एकमेकांत कुलूप-किल्लीसारखी बसतात. तो अचूक जोड एकदाच मिळतो. आधी कोरडं बसवून पाहणं आणि मग सांध्यात ग्लू ओढू देणं, हे त्या संध्याकाळी केलं असतं तर पातळ ग्लूचा एक थेंब पुरला असता, भुसाही लागला नसता.

माझी चूक शेंडीची. मानेला लाख लावली आणि दोन सेंटिमीटरवरच्या शेंडीला नाही, याला कारण एवढंच की अवघड काम संपलं होतं. टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्यायलाच हवी होती: तेच लाकूड, तोच ग्लू, तेच तेल. ती आम्ही डाग पडल्यावर घेतली.

शेंडीचं उडालेलं टोक फडताळाखाली सापडलं होतं. ताईंनी ते चिकटवलं नाही. मोडकी कड ४०० नंबरने गोल केली, आणि बगळ्याची शेंडी आता चार मिलिमीटरने आखूड आहे.